या नावाची बाई इथं राहत नाही

माझा जन्म कराचीचा. सोलापुरात आल्यावर कित्येक वर्षं हे वाक्य मी घराबाहेर उच्चारलं नाही. कोणी माहेर विचारलं की "लांब आहे हो" म्हणायचं आणि लगेच त्या बाईच्या माहेराची चौकशी करायची. बायका माहेराबद्दल बोलायला लागल्या की दळण संपलं तरी थांबत नाहीत, त्यामुळे माझं निभावून जायचं.

आजोबा माढ्याकडचे. रेल्वेच्या कामाला लागले आणि बदल्या होत होत कराचीला पोचले. वडील तिथल्या बंदरात कारकून झाले. गल्लीत मराठी घरं पुष्कळ होती. गणपती बसायचा, संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं, भांडणंसुद्धा मराठीतच व्हायची. फाळणी झाली तेव्हा वडील म्हणाले, नोकरी आहे, घर आहे, शेजारी बरे आहेत, बघू काय होतंय. ते बघत राहिले आणि आम्ही पाकिस्तानी झालो. त्यासाठी आम्हाला उंबऱ्याबाहेरसुद्धा पाऊल टाकावं लागलं नाही.

मुलगी मात्र आपल्या मुलखात द्यायची हा त्यांचा हट्ट. पासष्टच्या लढाईच्या आधी कराचीहून मुंबईला बोट यायची. त्या बोटीनं ते मला घेऊन आले आणि सोलापुरात माझं लग्न लावून परत गेले. मुलगा माढ्याकडचाच, रेल्वेत, होटगी जंक्शनला नोकरी, राहायला शहरात भाड्याच्या दोन खोल्या, घरात एकटी विधवा आई. त्या घरात सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्या म्हणू लागले.

माप ओलांडून आत आल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. नाव आत्यांनी निवडलं होतं. सगळ्यांना साखर वाटली आणि त्या क्षणापासून मला जुन्या नावानं कोणी हाक मारली नाही. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. सगळ्याच मुलींचं असं होतं, आणि नवं नाव होतंही गोड. दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही.

पासपोर्टावर मात्र जुनंच नाव होतं. माझं, वडिलांचं आणि माहेरचं आडनाव. त्या नावानं दर वर्षी राहण्याचा परवाना वाढवून घ्यावा लागे. पोलीस कचेरीत त्यासाठी फॉरेनर सेक्शन म्हणून एक खोली होती. फॉरेनर म्हटलं की कोणालाही गोरी मडमच आठवेल. तिथल्या बाकावर कपाळभर कुंकू लावून, डोक्यावरून पदर घेऊन मी बसलेली असे. अर्ज हे भरायचे, मी सही करायची, शिक्का पडायचा, की पुढचं एक वर्ष श्वास घ्यायला मोकळी.

मोकळी म्हणजे शहराच्या हद्दीपुरती. हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर लेखी परवानगी. मला मुलगी झाली, तिचं जावळ गावी, माढ्याला काढायचं ठरलं, तर ती परवानगी येईपर्यंत पोरीच्या वेण्या घालायची वेळ आली. गावातली लग्नं, बारशी, जत्रा सगळं आत्यांनी एकटीनं उरकलं आणि "सुनेला बरं न्हाय" असं सांगितलं. गावात माझी ख्याती सतत आजारी सून अशी झाली. एकदा हे डबा विसरून गेले. आत्या म्हणाल्या, पॅसेंजरनं जाऊन होटगीला देऊन ये. मी स्टेशनापर्यंत गेले आणि डबा घेऊन परत आले. हद्द कुठं संपते ते मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला जावं तर विचारलंच का म्हणून संशय यायचा.

तरी त्या वर्षांत माझी भीती साधी होती. देवाला, सासूला, पोलिसाला भ्यावं तशी. खरी भीती लढाईनंतर सुरू झाली. एकाहत्तरची लढाई पेटली तेव्हा गल्लीनं खिडक्यांना काळे कागद चिकटवले आणि वडिलांची पत्रं बंद झाली. ती पत्रंही रीतीप्रमाणं जावयाच्या नावानं यायची, त्यामुळे पोस्टमनलासुद्धा माझं जुनं नाव माहीत नव्हतं. लढाई संपली, पत्रं काही सुरू झाली नाहीत. त्या वर्षी परवान्याची मुदत संपत आली तेव्हा कोणीतरी ह्यांना सांगितलं, दर वर्षीची ही कटकट कशाला, बायको म्हणून भारताचं नागरिकत्वच मागून घ्या. कायद्यात सोय आहे.

हे हरखले. आपला नवरा सरकारी नोकर आहे म्हणजे त्याला सरकार कळतं, असं बायकोला उगीच वाटत असतं. ह्यांनी कलेक्टर कचेरीत अर्ज टाकला. रेशनकार्डावर, घरभाड्याच्या पावतीवर, मुलीच्या जन्मदाखल्यावर माझं सासरचं नाव, म्हणून अर्जही त्याच नावानं. तिथल्या कारकुनानं बजावलं की परवाना वाढवायचा अर्जही आता ह्याच नावानं द्या, दोन्हीकडं एकच नाव पाहिजे. ह्यांनी तसंच केलं. फॉरेनर सेक्शननं तो अर्ज मुदतीच्या आत घेतला, पोच दिली आणि सांगितलं, "आता नागरिकत्वाचं वर गेलंय ना, परवाना त्याच्याबरोबरच येईल."

आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

मुदत संपली. परवाना आला नाही. हे विचारायला गेले, तर "वर गेलंय." वर म्हणजे मुंबईला. मुंबईच्या वर दिल्ली. दिल्लीच्या वर कोण ते परमेश्वरालाच ठाऊक. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण ज्यानं केली तो फार भल्या काळात जगलेला माणूस असावा. दर खेपेला तेच उत्तर. "मग आम्ही काय करायचं?" असं ह्यांनी एकदा विचारलं, तर कारकून म्हणाला, "थांबायचं." "परवान्याशिवाय थांबलं तर चालेल का?" "तसं चालत नाही." आणि त्यानं पुढची फाईल उघडली.

त्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बसायची. विणकरांच्या पेठेतली. कराचीला लेकीकडं गेली, तिथलाच पासपोर्ट काढून बसली आणि म्हातारपणी सोलापुरात लेकाकडं आली. "कागद आताच नै बेटी, क्या करूँ," म्हणजे कागद काही येत नाही, असं म्हणत माझ्या हातावर बडीशेप ठेवायची. एका खेपेला ती दिसली नाही. मी विचारलं. कारकुनानं वर न बघता सांगितलं, "तिला वाघा सरहद्दीवर नेऊन सोडली." मी तशीच उठून घरी आले.

तेव्हापासून मी जीव मुठीत धरून जगले. दुष्काळाचं साल होतं, नळाला पाणी आलं की गल्लीत हंड्यांची लढाई व्हायची, आणि मी माझा नंबर कोणीही घेतला तरी गप्प बसायची. भांडण झालं तर पोलीस येईल. रेशनच्या लाल मिलो ज्वारीत खडे निघाले तरी गप्प. मुलीला शाळेत बाई मारायच्या, तरी गप्प. मुळात मी गप्प बसणारी बाई नाही, कराचीच्या गल्लीत माझ्या तोंडाला मोठी माणसं भ्यायची. खाकी कपडा दिसला की मी पदर ओढून वाट बदलायची, मग तो एस.टी.चा कंडक्टर का असेना. एकदा संध्याकाळी हेच रेल्वेचा खाकी कोट घालून दारात उभे राहिले, तर माझ्या हातातली कळशी सुटली. आत्या ओरडल्या नाहीत. फरशी पुसून घेतली आणि म्हणाल्या, "एवढं काय भ्यायचं ते? तू काय चोरी केलीस व्हय?"

मला भीती शिक्षेची नव्हती. भीती मुलीची होती. ती इथं जन्मली, इथली. मला तिकडं नेऊन सोडलं तर तिला माझ्याबरोबर पाठवणार नव्हते, आणि लढाईनंतर तर कागदाचा चिटोराही पलीकडून येत नव्हता. म्हणजे गेले की मेल्यासारखीच. तिला न्हाऊ घालताना मला हटकून हेच सुचायचं आणि मी तिचे केस इतके घट्ट बांधायची की ती रडायची.

मग समन्स आलं. ते ह्यांच्या नावावर होटगीला, ऑफिसात आलं. हे त्या दिवशी लवकर घरी आले, दार लावलं आणि वाचून दाखवलं. अमुक नावाची पाकिस्तानी बाई, मुदत संपल्यावर बेकायदा राहिली, मुदतवाढ मागितली नाही, दिलेल्या पत्त्यावर सापडली नाही, पत्ता लपवला. कोर्टात हजर राहावं.

आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ही कोण रं बया?"

हे माझ्याकडं बघेनात. शेवटी मीच म्हणाले, "आत्या, मीच. माझं माहेरचं नाव."

आत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "आगं, ह्याच नावानं इचारत आला हुता की एक पोलीस. तू दळण आणाय गेलती. लई दिस झालं. म्या सांगितलं, या नावाची बाई हितं ऱ्हात न्हाय. शेजारणीबी तेच म्हणल्या. त्यो लिवून घेऊन गेला."

"मग मला सांगितलं का नाही?" मी किंचाळले. सासूवर आवाज चढवल्याची ती पहिलीच वेळ.

"काय सांगायचं? कुणी दुसरीलाच हुडकत आला हुता."

आम्हाला उलगडा असा झाला. फॉरेनर सेक्शनच्या रजिस्टरात माझं जुनं नाव होतं, आणि त्या बाईनं मुदतवाढीचा अर्जच दिलेला नव्हता. अर्ज दिलेली बाई दुसऱ्याच नावाची, ती त्यांच्या रजिस्टरात कुठंच नव्हती. म्हणून तिचा अर्ज मुंबईहून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला चौकशीसाठी हिंडत होता, आणि न अर्ज करणारीला पोलीस शोधत होते. शोधत आला तो बरोबर आमच्याच दारात, आणि आम्हीच त्याला परत पाठवला.

त्या दिवसापासून आत्यांनी अन्न टाकलं. माझं डोकं इतकं तापलं होतं की मी त्यांना जेवा म्हटलं नाही. समोरासमोर बसून दोघी भ्यालेल्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. मुलगी मधून फिरायची आणि कधी हिच्या, कधी तिच्या मांडीवर बसून बघायची.

वकील अक्कलकोटकडचे होते. घरी कन्नड, कोर्टात मराठी. विचार करताना मान हलवत "हौदु, हौदु" म्हणायचे, म्हणजे होय होय. आधी त्यांनी माझा जामीन करून दिला. मग म्हणाले, "बाई, भिऊ नका असं मी म्हणणार नाही. भिण्यासारखंच आहे. एरवी गुन्हा सिद्ध करायचा सरकारनं. परकीयांच्या कायद्यात उलटं आहे, सिद्ध आपण करायचं. तुरुंग आहे, आणि तुरुंगातून सुटलं की सरळ सरहद्द."

हे म्हणाले, "पण अर्ज आम्ही मुदतीत दिलाय. उत्तर त्यांनी दिलं नाही. उशीर त्यांचा आहे."

"हौदु. पण उशिराची शिक्षा कायद्यात कुठं लिहिलेली नाही. तुम्ही किती दिवसांत मागायचं ते लिहिलंय. त्यांनी किती दिवसांत द्यायचं ते लिहिलेलं नाही."

"म्हणजे जबाबदार कोण?"

वकिलांनी माझ्याकडं बोट केलं. दुष्टपणानं नव्हे, पण केलं. मला ते बोट अजून दिसतं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. दोन नावं एकाच बाईची आहेत, हे कोर्टाला पटलं पाहिजे. मग मुदतीतला अर्ज माझा ठरेल आणि गुन्हा पातळ होईल. लग्नाला कराचीहून आलेली माणसं सगळी पलीकडं. भटजी वारलेले. अर्ज नवऱ्यानंच भरलेले, त्याच्या साक्षीला वजन नाही. नाव बदलताना हजर असलेलं, शहाण्या वयाचं, इथं असलेलं दुसरं माणूस एकच, आत्या. आणि त्यांनीच पोलिसाला खोटं सांगितलं असा सरकारचा आरोप.

"त्यांना एवढंच विचारतील," वकील म्हणाले, "सुनेचं माहेरचं नाव काय होतं. ते त्यांनी ठणठणीत सांगायचं."

आत्यांना ते नाव पाठ करून देणं हे माझं काम झालं. तेवढ्यापुरता अबोला मोडून मी सांगायची, त्या म्हणायच्या. शेंगा फोडताना म्हणायच्या, भांडी घासताना म्हणायच्या. माझं नाव यायचं तर माझ्या वडिलांचं राहायचं. वडिलांचं आलं की आडनाव कुठल्या तरी तिसऱ्याच सोयऱ्याचं लागायचं. त्यांचाही इलाज नव्हता. माढ्याच्या त्या बाईनं सुनेचं नाव एकदा मोडून नवं घडवलं होतं, तिच्या लेखी विषय संपलेला होता. मला मात्र वाटायचं, हिच्या जिभेच्या टोकावर माझी पोर लटकली आहे.

तारखेच्या दिवशी मी मुलीला शेजारणीकडं ठेवलं. परत आलेच नाही तर म्हणून तिचे धुतलेले कपडे घडी करून वर ठेवले. तिला काही सांगितलं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात पट्टेवाल्यानं माझं जुनं नाव पुकारलं. तीनदा, मोठ्यानं, वडिलांच्या नावासकट. इतक्या वर्षांत ते नाव एवढ्या मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं. मी "हजर" म्हणाले, पण आवाज फुटला नाही, तेव्हा पुन्हा म्हणावं लागलं.

सरकारी वकील तरुण होते, त्यांना दुसरी कामं होती. परवाना हातात नाही म्हणजे राहणं बेकायदा, मग तो का नाही हे बघायचं कारण नाही, असं त्यांनी थोडक्यात सांगितलं. ऐकताना मलाच ते पटलं. इतकं स्वच्छ बोलत होते की माझ्याच गुन्ह्याची मला खात्री झाली.

आत्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शपथ घेतली. लग्नात नाव बदललं ते सांगितलं, तांदळाचं ताट, अंगठी, सगळं. मग सरकारी वकिलांनी विचारलं, "पोलीस आले तेव्हा तुम्ही ही बाई इथं राहत नाही असं सांगितलंत की नाही?"

"व्हय. सांगितलं."

"सून घरात असताना?"

"व्हय."

"म्हणजे लपवलंत."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आजी, तुमच्या सुनेचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

आत्यांनी तोंड उघडलं. मिटलं. माझ्याकडं बघितलं. मी ओठसुद्धा हलवू शकत नव्हते, सरकारी वकिलांचं माझ्याकडं लक्ष होतं. मनात मी ते नाव ओरडत होते, वडिलांच्या नावासकट, त्या पट्टेवाल्यासारखी. आत्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "म्या पाठ केलं हुतं. ह्या पोरीनं लई पढवलं. आता न्हाय येत."

आमच्या वकिलांनी खाली मान घातली. ह्यांनी बाकाची कड धरली. मला वाटलं, संपलं.

साहेबांनी विचारलं, "आठवत नाही?"

"ध्यानात ठेवलंच न्हाय की वो. ठेवायचं कशाला? हिच्या बापानं हिला माज्या पदरात घातली आन् समुद्रापल्याड निघून गेला. म्या म्हणलं, पोरीला माघारी जायाला वाट न्हाय, तर हितलीच करून टाकावी. म्हणून नाव बदललं. पोलीस कुठल्या तरी परक्या बाईला हुडकत आला, म्या न्हाय म्हणलं. आजबी त्यानं त्येच इचारलं तर म्या न्हायच म्हणीन. ती बाई माज्या घरात न्हाय. माज्या घरात माजी सून हाय."

साहेबांनी चष्मा घातला आणि बराच वेळ लिहीत बसले. मग सरकारी वकिलांना म्हणाले, "आज इथं, सुनेवर गदा येत असताना, एवढी तयारी करून या बाईंना ते नाव सांगता आलं नाही. त्या दिवशी दारात एका शिपायानं विचारल्यावर ते ओळखून त्यांनी लपवलं असं तुमचं म्हणणं आहे का?"

सरकारी वकिलांनी कागद आवरले.

मी सुटले. निकालात लिहिलं होतं की लपवण्याचा हेतू दिसत नाही, दोन्ही नावं आरोपीचीच, अर्ज मुदतीत आहे, आणि त्यावर कचेरीनं निर्णय न घेतल्याचा दोष आरोपीवर टाकता येणार नाही. पुढं एक वाक्य होतं. या विलंबाला कोण जबाबदार आहे हे ठरवणं या खटल्याच्या कक्षेत येत नाही. वकिलांनी ते दोनदा वाचून दाखवलं. मी विचारलं, "मग परवाना?" ते म्हणाले, "तो कोर्ट देत नाही. तो तीच कचेरी देणार."

व्हरांड्यात उभं राहून त्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली. सरकारवर उलट दावा टाकता येईल. आधी नोटीस द्यायची, मग नुकसानभरपाई मागायची, या सगळ्या काळाची. निकाल लागायला वर्षं जातील, पण कोणीतरी विचारलं पाहिजे. ह्यांचे डोळे चमकले. मी नाही म्हणाले. माझी फाईल अजून कचेरीच्या टेबलावर होती. ज्याच्या हातात मानेवरचा सुरा, त्याच्याशी हिशेब मांडायचा नसतो. वकील म्हणाले, "हौदु. सगळे असंच म्हणतात, म्हणून तर त्यांचं चालतं." मला त्यांचा राग आला, कारण ते खरं होतं. त्यांची पोर शेजारणीकडं ठेवलेली नव्हती.

परवाना पुढच्या वर्षी आला. कागदावर त्याची मुदत एक वर्षाची होती, त्यातली बरीचशी तो टपालात असतानाच संपली होती. नागरिकत्वाचा दाखला तर आणखी किती तरी नंतर मिळाला. उशीर का झाला ते कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. वडील तोवर गेले होते. ती बातमीही उशिरानंच आली.

पण कोर्टातून आम्ही घरी आलो ती संध्याकाळ सांगायची राहिली. टांग्यातून येताना आत्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. घरी आल्यावर मी मुलीला आणलं, मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकून बसले. काही सुचत नव्हतं. आत्या आत चुलीपाशी गेल्या. इतक्या दिवसांनी त्यांनी भाकरी केल्या, पिठलं टाकलं, ताट वाढलं.

आणि आतून त्यांनी मला हाक मारली. माझ्या जुन्या नावानं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकही चूक न करता. पुन्हा कोणी दारात आलं तर आपल्याला येत नाही असं व्हायला नको, म्हणून त्या वाटेत तेच घोकत होत्या. प्रेमानं मारलेली हाक होती ती. माझ्या वडिलांनंतर त्या नावानं मला प्रेमानं कोणीच बोलावलं नव्हतं.

मी मुलीला खाली ठेवलं, ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "हजर."